डोळ्यांनी शिकलेलं इंग्रजी

दहा वर्षं इंग्रजी शिकूनही कुणी भरभर बोलायला लागलं की मला चारातलं एखादंच वाक्य कळायचं. तीच वाक्यं कागदावर दिली की सगळी समजायची. शब्दसंग्रह कमी पडतोय असं वाटून मी शब्दांच्या याद्या पाठ केल्या, पण काही फरक पडला नाही. खरी अडचण फार उशिरा लक्षात आली. मी ही भाषा डोळ्यांनी शिकले होते, कानांनी नाही.

मराठीत बहुतेक लिहिलं तसंच वाचतो. ('चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा, पण तो आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही.) तीच सवय आपण इंग्रजीला लावतो. तिथे अक्षरं 26 आणि ध्वनी सुमारे 44. वर स्पेलिंग जुनं आणि उच्चार नवा. 'नाइफ'मधला के एके काळी खरंच उच्चारला जायचा. विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने 1476 मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला, पुढे स्पेलिंग हळूहळू पक्की होत गेली, आणि त्याच शतकांत बोलण्यातले स्वर मात्र बदलत राहिले. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला बी तर लॅटिनशी नातं दाखवायला विद्वानांनी मागाहून घातला. हे वाचल्यावर माझा स्वतःवरचा राग बराच निवळला.

त्याहून मोठी गोष्ट आघाताची, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा याची, आणि ती मला वर्गात कुणी सांगितली नव्हती. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर (अवयव म्हणजे शब्दाचा एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा), 'फटॉग्रफर'मध्ये दुसऱ्यावर. जोर नसलेले स्वर बहुधा मिटून अर्धवट 'अ' होतात. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. आपण प्रत्येक अवयव सारख्या वजनाने म्हणतो, म्हणून ऐकणाऱ्यालाही आपला शब्द पटकन ओळखू येत नाही.

मी रोज एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण घ्यायचे, मजकूर न बघता ऐकायचे, कानावर पडेल ते वहीत उतरवायचे आणि मग मजकुराशी ताडून पाहायचे. मोठे शब्द बहुतेक बरोबर यायचे. सुटायचे ते 'ऑफ', 'टू', 'हॅव', 'कॅन'. बोलताना हे इतके आखडतात की शेजारच्या शब्दात विरून जातात. वीस मिनिटं पुरत. दोन-तीन महिन्यांनी कान बदलल्याचं जाणवलं. मग त्याच ध्वनिमुद्रणाच्या मागोमाग, त्याच चालीत म्हणायला लागले. नवा शब्द भेटला की आता आधी उच्चार ऐकते आणि मगच स्पेलिंग बघते. सुरुवातीपासून असंच करा.

व्याकरणाबद्दल थोडंच सांगते. 'मला इंग्रजी येतं' या आपल्या वाक्यात येते ती भाषा. इंग्रजीत तिथे कर्ता 'मी' होतो. 'पाऊस पडतोय' म्हणायला त्यांना अर्थ नसलेला 'इट' पुढे ठेवावा लागतो. 'मी पुस्तक घेतलं' एवढं आपल्याला पुरतं, इंग्रजी मात्र ते ऐकणाऱ्याला माहीत असलेलं पुस्तक की कुठलंतरी, हे विचारते आणि त्यावर 'द' किंवा 'अ' ठरतो. माझं अजून चुकतं. बोलताना त्यासाठी थांबू नका, वाक्य पूर्ण करा. लिहिलेलं तपासताना मात्र प्रत्येक नामापाशी हा प्रश्न विचारा.

आणि समजलं नाही तर मान डोलावू नका. मी ते वर्षानुवर्षं केलं. 'शेवटचा भाग पुन्हा सांगाल का?' हे वाक्य इंग्रजीत तोंडपाठ करून ठेवा. नुसतं 'पुन्हा सांगा' म्हटलं की समोरचा सगळं पुन्हा त्याच वेगात सांगतो.