ट्यूबवरचं नाव आणि ओ-सेल्सची नळी

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून रक्तपेढीत लागले तेव्हा मला वाटायचं, ग्रुपिंग, म्हणजे रक्तगट काढणं, हे स्लाईडवरच्या तीन थेंबांचं काम. निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, बिनरंगाचं अँटी-डी. गुठळ्या कुठे झाल्या ते बघायचं आणि लिहायचं. पहिल्याच आठवड्यात सिनियर मॅडमनी स्लाईड बाजूला सारून हातात ट्यूब दिली. म्हणाल्या, "पेशींचं ऐकलंस, आता सीरमचं ऐक."

हे रिव्हर्स ग्रुपिंग: पेशंटचं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) गट माहीत असलेल्या पेशींना लावून बघायचं. पेशींवरून गट काढणं ते फॉरवर्ड. ए गटाच्या माणसाच्या सीरममध्ये अँटी-बी, म्हणजे बी पेशींवर तुटून पडणारं प्रतिपिंड, असतंच, त्यासाठी आधी रक्त घेतलेलं असावं लागत नाही. त्याला चुकून बी रक्त लागलं, तर त्या पेशी रक्तवाहिनीतच फुटतात, हिमोग्लोबिन बाहेर येतं, लघवी लालसर-काळी होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून पेशी आणि सीरम, दोघांची साक्ष जुळल्याशिवाय रिपोर्टवर सही नाही.

रिव्हर्सला ए आणि बी सेल्सबरोबर ओ-सेल्सची (ओ गटाच्या पेशींची) एक नळी लावतात. ओ-सेल्सवर ना ए असतं ना बी, म्हणून नवख्यांना ती फुकटची वाटते (मीही दोनदा गाळली, दोनदा बोलणी खाल्ली). पण तिचं उत्तर आपल्या मुंबईतच आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जो 'बॉम्बे' गट नोंदवला, त्यातल्या माणसांच्या पेशींवर एच अँटिजेनच (ए आणि बी ज्याच्यापासून बनतात आणि ओ पेशींवर भरपूर असतं, ते) नसतं. फॉरवर्डला ते ओ दिसतात. सीरममध्ये मात्र अँटी-एच असतं, त्यामुळे ओ-सेल्सच्याही गुठळ्या होतात. 'ओ निगेटिव्ह कुणालाही चालतं' हे वाक्य इथे जीव घेऊ शकतं; त्यांना बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

एवढं सगळं शिकले, तरी घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने. नाइट ड्युटीला क्रॉसमॅचचं (बॅगेतलं रक्त पेशंटशी जुळतं का ते बघायचं) सॅम्पल आलं, ग्रुप निघाला ए पॉझिटिव्ह. जुन्या रजिस्टरमध्ये त्याच बाईंचा ओ पॉझिटिव्ह. पुन्हा लावलं, ए-च. वॉर्डला फोन केला तर कळलं, शेजारच्या दोन खाटांवर एकाच आडनावाच्या बायका, आणि लेबलं टेबलावर बसून नंतर चिकटवलेली. जुनी नोंद नसती तर माझं क्रॉसमॅच अगदी व्यवस्थित जुळलं असतं, चुकीच्या बाईशी. तेव्हापासून बिनलेबलाचं, खाडाखोडीचं सॅम्पल मी परत पाठवते. डॉक्टर चिडतात. चिडू देत.

या कामाला नव्याने लागला असाल, तर एक दिवस वॉर्डातून फोन येईल: "रक्त लावलंय, पेशंटला थंडी वाजतेय." साधा ताप असेल, असं तुम्ही फोनवर ठरवू नका. बहुतेकदा तो तसाच निघतो, पण गट चुकल्याची सुरुवातही थंडी, कंबरदुखी, घाबरल्यासारखं होणं, अशीच असते. रक्त लगेच थांबवायला आणि डॉक्टरांना बोलवायला सांगा. सुई मात्र काढायची नाही, सेट बदलून सलाईन चालू ठेवायचं. मग खाटेजवळ उभं राहून नाव, नंबर, बॅग पडताळायला सांगा, आणि उरलेली बॅग सेटसकट, नवं सॅम्पल आणि लघवी मागवून घ्या. सॅम्पल मशीनमध्ये गरगर फिरवल्यावर वरचा प्लाझ्मा गुलाबी दिसला, म्हणजे पेशी फुटल्याची शंका आली, की आधी रक्तपेढीच्या डॉक्टरांना उठवा, रजिस्टर नंतर भरा.

बॅग देताना मी अजूनही नाव, नंबर, गट मोठ्याने वाचते आणि न्यायला आलेल्याकडूनही वाचून घेते. परवा एक मामा म्हणाले, "ताई, शाळेत आहे का मी?" मी म्हटलं, हो, वाचा.