डिमेन्शिया असलेल्या जोडीदाराला सांभाळताना सुट्टी कशी घ्यावी

"आता अगदीच होत नाही" असं झाल्यावर मदत शोधायला निघालं, की मिळेल तो माणूस ठेवावा लागतो आणि पहिलीच सुट्टी एकदम आठवड्याची होते. अशी सुट्टी बहुधा फसते. नवा माणूस, बदललेला दिनक्रम आणि तुमचं नसणं हे सगळं जोडीदारावर एकाच दिवशी येऊन पडतं. त्यामुळे सुरुवात लवकर करा. सुट्टी छोटी असली तरी चालेल, पण वार ठरलेला हवा.

आधी स्वतःला एक विचारा: मला नेमकं काय थकवतंय? ते रात्री तीनदा उठत असतील, तर दिवसाच्या डे केअरपेक्षा आठवड्यातून दोन रात्री कुणीतरी जागणारं मिळालं तर जास्त फरक पडतो. दिवसभर एकच प्रश्न ऐकून डोकं भणभणत असेल, तर मात्र डे केअर उत्तम. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्या नातेवाइकांना मोघम उत्तर देऊ नका. "गुरुवारी सकाळी 10 ते 12 यांच्याजवळ बसशील का?" असं थेट विचारा.

मदतनीस पहिल्या दोन वेळा येईल तेव्हा तुम्हीही घरातच राहा. "तुम्हाला सांभाळायला आल्यात" अशी ओळख करून दिली, तर बरेच जण तिथेच बिथरतात. "माझ्या मदतीला आल्यात" एवढं पुरे. तिसऱ्या वेळी अर्धा तास बाहेर जा, मग दोन तास, मग अर्धा दिवस. वेळ शक्यतो सकाळची धरा. दिवस कलला की अनेकांची अस्वस्थता वाढते, स्वतःच्याच घरात बसून "मला घरी जायचंय" सुरू होतं, आणि नवख्या माणसाला ते झेपत नाही. आंघोळीचं काम नव्या माणसाकडे लगेच सोपवू नका. सगळ्यात जास्त विरोध तिथेच होतो.

निरोप लांबवू नका. "जाऊन येते, जेवायच्या वेळी परत" म्हणा आणि निघा. दर तासाला फोनही नको. तुमचा आवाज ऐकून ते शोधाशोध करू लागत असतील, तर फक्त मदतनीसाशी बोला.

सगळ्यात जास्त मेहनत घ्यायची ती सोबत ठेवायच्या माहितीच्या कागदावर. एका बाजूला औषधं लिहा: नाव, मात्रा, वेळ, कशाबरोबर देता. विसरलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून द्यायची नाही, हेही लिहा. गोळी चुरून चालते का, ते फार्मासिस्टला विचारून घ्या, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या चुरल्या तर सगळं औषध एकदम अंगात जातं. ऍलर्जी, डॉक्टरांचा नंबर आणि डिमेन्शियाचा प्रकारही हवा. प्रकार लेवी बॉडी असेल तर तो ठळक लिहा. या रुग्णांना हॅलोपेरिडॉलसारखी भास थांबवायची औषधं घातक ठरू शकतात आणि रात्री भास होताहेत म्हणून अनोळखी डॉक्टर नेमकं तेच द्यायची शक्यता असते.

दुसऱ्या बाजूला सवयी. "राग येतो" एवढ्याने कुणाला काही कळत नाही. "मागून शर्ट घालायला गेलं की झटकतात; समोर येऊन आधी बाही दाखवा" असं लिहा. लघवी लागली की काय करतात (काही जण नुसते उठबस करतात), कोणत्या नावाने हाक मारली की ओ देतात, कोणता विषय टाळायचा, हेही टिपा. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र कुठे ठेवता तेही. हट्टीपणा वाटतो त्यामागे कधीकधी श्रवणयंत्राचा संपलेला सेल असतो. गिळायला त्रास होत असेल तर ताठ बसवून लहान घास द्यायचे, खाल्ल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही.

काही दिवस निवासी केंद्रात ठेवायचं असेल तर आधी जाऊन पाहा. रात्री किती जण ड्यूटीवर असतात, कुणी बाहेर निघालं तर कसं कळतं, औषध कोण देतं, पडले तर कुणाला कळवतात, ही उत्तरं मोघम मिळाली तर दुसरी जागा बघा. कपड्यांवर आणि कवळीच्या डबीवर नाव घाला, अलीकडचा फोटो द्या, रोजची चादर पाठवा. जायचंय हे त्यांना आठवडाभर आधी सांगितलं तर आठवडाभर तीच काळजी चालू राहते; बॅगही त्यांच्यासमोर भरू नका.

तिथे गेल्यावर आणि घरी परतल्यावर काही दिवस गोंधळ वाढू शकतो. पण एक-दोन दिवसांतच एकाएकी फार भांबावले किंवा गुंगीत राहू लागले, तर "जागा बदलली म्हणून" समजू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, कमी पडलेलं पाणी किंवा नवं औषध यांनी असं होतं. लगेच डॉक्टरांना दाखवा.

मिळालेला वेळ घर आवरण्यात घालवू नका, नाहीतर ती सुट्टी नव्हेच. आधी झोप, मग स्वतःची लांबवलेली तपासणी, त्यानंतर बाकीचं. अपराधी वाटेल, तरी सुट्टी रद्द करू नका. परतल्यावर काय खाल्लं, किती झोपले, कुठे बिनसलं ते विचारून कागदात भर घाला आणि मदतनीस दाराबाहेर पडण्याआधी पुढची तारीख ठरवा.