ब्रिटिश आणि अमेरिकन स्लँगचा अर्थ व उगम कसा शोधावा

स्लँग म्हणजे रोजच्या बोलण्यातली अनौपचारिक भाषा. तिच्यातला एखादा शब्द अडला, तर अर्थ शोधण्याआधी तो बोलणारा माणूस ब्रिटिश आहे की अमेरिकन, हे पाहून घ्यावे. लंडनमध्ये ‘पिस्ड’ झालेला माणूस दारू पिऊन तर्र असतो, तर न्यूयॉर्कमध्ये तो संतापलेला असतो. ‘पँट्स’ म्हणजे अमेरिकेत साधी विजार आणि ब्रिटनमध्ये अंतर्वस्त्र. शिवाय एखादा कार्यक्रम ‘पँट्स’ होता असे ब्रिटिश माणूस म्हणाला, तर तो अगदीच टाकाऊ होता असे समजावे. त्यामुळे शब्दकोशात अर्थाशेजारी दिलेली प्रदेशाची खूण वाचल्याशिवाय कोणताही अर्थ पक्का धरू नये.

उगमाच्या शोधात सर्वांत कामी येते ते पहिल्या लेखी नोंदीचे साल. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात प्रत्येक अर्थाखाली जुन्यात जुने अवतरण सालासह दिलेले असते. स्लँगपुरते पाहायचे, तर जोनाथन ग्रीन यांचा तीन खंडांचा कोश २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि आता तो इंटरनेटवरही पाहता येतो. ऐकलेली उगमकथा त्या सालाशी जुळते का, हे आधी तपासावे; बऱ्याच कथा इथेच गळून पडतात.

‘ओके’चे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याचा उगम कोणी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या चोक्टॉ भाषेत शोधला, कोणी ग्रीक भाषेत, कोणी स्कॉटिश बोलीत. ॲलन वॉकर रीड या अमेरिकन अभ्यासकाने १९६०च्या दशकात जुनी वर्तमानपत्रे चाळून दाखवून दिले, की हा शब्द २३ मार्च १८३९ रोजी ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापला गेला होता. मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरे वापरण्याची गंमत त्या काळी तिथे चालत असे आणि ‘ऑल करेक्ट’चे ‘ओल कोरेक्ट’ करून ‘ओके’ तयार झाले होते. तशी इतर आद्याक्षरे विस्मरणात गेली. हे मात्र टिकले, कारण १८४०च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांचे ‘ओल्ड किंडरहूक’ हे टोपणनाव, म्हणजे त्यांच्या गावाचे नाव, समर्थकांनी त्याच दोन अक्षरांत घोषणेसारखे वापरले.

‘ओके’ हा अपवाद आहे, हे मात्र विसरू नये. विसाव्या शतकाआधी आद्याक्षरांपासून शब्द बनण्याची रीत फारशी नव्हती, म्हणून जुन्या शब्दाची फोड कोणी आद्याक्षरांत करून दिली, की सावध व्हावे. ‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, म्हणजेच जहाजात जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची खोली, ही कथा ऐकायला झकास आहे. पण ती अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. पोलिसाला ‘कॉप’ म्हणतात ते ‘पकडणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदावरून; गस्तीवरच्या शिपायाची (‘कॉन्स्टेबल ऑन पेट्रोल’) आद्याक्षरे किंवा गणवेशावरची तांब्याची (‘कॉपर’) बटणे हे सारे मागाहून रचलेले आहे.

लंडनच्या ईस्ट एंडमधली यमकाची स्लँग ही वेगळीच गोष्ट आहे, कारण तिथे शब्दाच्या अर्थापेक्षा त्याचा गाळलेला जोडीदार शोधावा लागतो. ‘बुचर्स हूक’चे यमक ‘लूक’शी जुळते, मग ‘हूक’ गाळला जातो आणि ‘हॅव अ बुचर्स’ म्हणजे ‘एक नजर टाक’ होते. ‘लोफ ऑफ ब्रेड’ आणि ‘हेड’ यांचेही तसेच, म्हणून ‘यूज युवर लोफ’ म्हणजे ‘डोके चालव’. जॉन कॅम्डेन हॉटन यांच्या १८५९च्या कोशात या प्रकाराची नोंद आहे. याच शहरातल्या फेरीवाल्यांची शब्द उलटे करण्याची रीतही होती. ‘बॉय’ची अक्षरे उलटी लावली की ‘यॉब’, म्हणजे मवाली पोरगा, मिळतो.

काही ब्रिटिश शब्दांच्या बाबतीत आपल्याला आयतीच सोय आहे. ‘डेको’ हा ‘देखो’पासून आणि मायदेशासाठीचा ‘ब्लायटी’ हा ‘विलायती’पासून आला. तरीही केवळ उच्चार जुळतो म्हणून नाते ठरवू नये. शब्द कोणी, कुठून नेला याचा माग लागला पाहिजे. ‘डुलॅली’, म्हणजे डोके फिरलेला, या शब्दाचा असा माग थेट नाशिकजवळच्या देवळालीपर्यंत लागतो. तिथल्या छावणीत मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक परतीच्या जहाजाची वाट पाहत कंटाळून जात आणि त्यांच्या बोलीत या अवस्थेला ‘डुलॅली टॅप’ असे नाव होते. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप.