घरच्या घरी मलतपासणी: सगळा खेळ नमुन्याचा

‘पोट बरं नाही, एखादी टेस्ट करून बघू’ एवढ्या भांडवलावर किट मागवू नका. आधी प्रश्न ठरवा. डोळ्यांना न दिसणारं रक्त मलातून जातंय का, हे ‘फिट’ चाचणी सांगते. आतड्याला सूज आहे का, हे मलातल्या कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाची चाचणी. जठरात एच. पायलोरी हा जंतू आहे का, हे त्याची अँटिजेन चाचणी. एकीचं उत्तर दुसरीकडून मिळत नाही.

‘आतड्याच्या आरोग्याचे गुण’ देणारी मायक्रोबायोम (आतड्यातल्या जीवाणूंची) किटं मी कोणालाच सुचवत नाही. निरोगी आतड्यात कोणते जीवाणू किती असावेत, याचं सर्वमान्य प्रमाण अजून ठरलेलं नाही. मग गुण कशाच्या आधारे देतात? आणि रिपोर्टखाली त्याच कंपनीची प्रोबायोटिकची बाटली विकायला असेल, तर काय ते समजून घ्या.

मलात उघड रक्त दिसतंय, वजन उगाच घटतंय, रात्री झोपमोड होऊन जुलाबाला पळावं लागतंय, यातलं काहीही असेल तर किटची वाट बघत बसू नका. थेट डॉक्टरांकडे जा.

पथ्याबद्दल बराच जुना सल्ला अजून फिरतोय. मांस बंद, क जीवनसत्त्व बंद, हे नियम मलातलं रक्त शोधणाऱ्या ग्वायक नावाच्या जुन्या चाचणीचे. फिट चाचणी माणसाच्याच हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन ओळखते, तिला तुमच्या जेवणाशी देणंघेणं नाही. पाळी चालू असेल किंवा मूळव्याधीतून रक्त येत असेल तर मात्र थांबा. एच. पायलोरीसाठी अँटिबायोटिक संपून किमान ४ आठवडे आणि आम्लपित्ताच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या थांबवून किमान २ आठवडे झालेले हवेत, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी कॅलप्रोटेक्टिन वाढतं. पण यातली कुठलीही गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही.

आता खरी मेख: नमुना घेणं. माझी सगळी तारांबळ इथेच उडायची, आणि किटमधल्या सूचनापत्रात नेमकं हेच दोन ओळींत उरकलेलं असतं.

आधी लघवी करून घ्या. मग संडासाच्या भांड्यातलं पाणी आणि मल यांची गाठ पडणार नाही अशी सोय करा. पाण्यात पडलेल्या मलाच्या पृष्ठभागावरचं रक्त धुऊन जातं, शिवाय त्यात संडास साफ करायचं रसायन मिसळलेलं असतं. टॉयलेट पेपरची झोळी करा म्हणणाऱ्यांनी ती स्वतः कधी केलेली नसावी. ती ऐन वेळी फाटते. कमोड असेल तर बैठक उचलून कडांवर प्लास्टिकची पातळ फिल्म मध्ये थोडी सैल ठेवून ताणा आणि बैठक खाली टाका. उकिडवं बसायचं संडास असेल तर फेकून देता येईल असा पसरट, कोरडा डबा ठेवा. पाण्यात पडलंच, तर उचलू नका. पुढच्या वेळी घ्या.

दुसरी चूक प्रमाणाची. ‘जास्त दिलं तर बरं’ असं वाटतं, पण फिटच्या नळीतलं द्रावण मोजून भरलेलं असतं आणि हिशेब मलाच्या ठरावीक मात्रेवर चालतो. नळीसोबतच्या काडीच्या टोकावरच्या खाचा भरल्या की पुरे. रक्त सगळीकडे सारखं मिसळलेलं नसतं, म्हणून एकाच जागी काडी खुपसू नका. चार-पाच ठिकाणी पृष्ठभागावर फिरवा. काडी नळीत घालताना वरचा अतिरिक्त मल आपोआप खरवडला जातो. त्यानंतर झाकण पुन्हा उघडायचं नाही, ‘थोडं कमी वाटतंय’ म्हणूनसुद्धा नाही. जंतांसाठी नमुना देताना उलट, शेंबडासारखा चिकट किंवा रक्ताळलेला भाग मुद्दाम निवडा. अंडी रोज पडत नाहीत, त्यामुळे त्या तपासणीला वेगवेगळ्या दिवशीचे ३ नमुने मागतात.

नाव, तारीख, वेळ लिहा. त्याच दिवशी पाठवा. सुट्टीच्या आदल्या दिवशी नमुना घेऊच नका, कारण उष्णतेत पडून राहिला तर हिमोग्लोबिन विघटित होतं.

रिपोर्ट वाचताना: कॅलप्रोटेक्टिन एका ग्रॅम मलामागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर सूज असण्याची शक्यता कमी. थोडं वर गेलं तर घाबरू नका, डॉक्टर सहसा काही आठवड्यांनी पुन्हा करायला सांगतात. फिट पॉझिटिव्ह आली तर मात्र ‘आणखी एकदा करून बघू’ नको. आतड्यातल्या गाठी रोज रक्तस्राव करत नाहीत, दुसरी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून पहिली खोटी ठरत नाही. कोलोनोस्कोपीसाठी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) डॉक्टरांना भेटा. निगेटिव्ह आली आणि त्रास चालूच राहिला, तरीही भेटा.