जुन्या दोन टू-स्ट्रोक डर्ट बाइकमधून एक निवडताय? या चुका टाळा

दोन जुन्या टू-स्ट्रोक गाड्या समोर आल्या की गप्पा हमखास सीसीवर घसरतात. १२५ घ्यावी की २५०? निळी की नारिंगी? मग मॉडेलचं साल. इंजिनाला हात मात्र कुणी लावून बघत नाही. जुन्या गाडीबरोबर आधीच्या मालकाच्या सवयीही घरी येतात, आणि त्या सवयी सीसीपेक्षा जास्त खर्चात पाडतात.

गरम इंजिन बघून भुलणं

ही चूक मी स्वतः केली आहे. मी पोचलो तेव्हा गाडी सुरूच होती, मालक थ्रॉटल देत उभा. मला वाटलं, माणूस किती तत्पर! घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वीसेक किका मारल्या तेव्हा त्या तत्परतेचं कारण कळलं. रिंगा झिजलेल्या होत्या आणि रीड व्हॉल्व्हच्या (इंजिनात मिश्रण आत सोडणारी पातळ पाकळ्यांची झडप) एका पाकळीचं टोक उडालेलं होतं. गरम असताना हे सगळं झाकलं जातं.

म्हणून आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा सिलिंडरवर हात ठेवा. कोमट लागला तर चहा घ्या आणि थांबा. थंड गाडी चोक देऊन मोजक्या किकांत सुरू झाली पाहिजे. नंतर चांगली तापवून बंद करा आणि पुन्हा सुरू करून बघा.

एअर फिल्टर बघायचा, पण त्याच्या मागे न बघणं

विकायला काढलेल्या गाडीचा फिल्टर स्वच्छच असतो, आदल्या रात्री धुतलेला. फिल्टर काढा आणि कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी बूटच्या आतून बोट फिरवा. बोटाला बारीक धूळ लागली तर ती इंजिनातही गेली आहे. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारी हवा आधी क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखाली क्रँकशाफ्ट फिरतो त्या पोकळीतून जाते. त्यामुळे धूळ नुसता पिस्टन खात नाही, क्रँकची बेअरिंगंही खाते. दोन गाड्यांपैकी एकीच्या बूटमध्ये धूळ असेल आणि दुसरी स्वच्छ असेल, तर माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागला.

"नवीन पिस्टन टाकलाय" यावर विश्वास

टाकला असेलही. मग जुना पिस्टन दाखवा म्हणावं. ज्याने स्वतः काम केलंय त्याने तो बहुतेक वेळा कपाटात ठेवलेला असतो. नसेल तर एक्झॉस्ट पाइप काढायची परवानगी मागा. स्प्रिंगा आणि एखाददोन बोल्ट, एवढंच काम आहे. सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टमधून, म्हणजे पाइप जोडतात त्या भोकातून टॉर्च मारा आणि किक हाताने हळू दाबत पिस्टन वर-खाली करा. उभे ओरखडे दिसले तर इंजिन एकदा तरी जाम होता होता वाचलंय, किंवा जाम झालेलंच आहे. लाकडाच्या काडीने रिंग हलकेच दाबली तर ती स्प्रिंगसारखी परत यायला हवी. चिकटून बसली असेल तर कार्बनने खाच भरली आहे.

इथे आणखी एक जुना समज आड येतो. रस्त्यावरच्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना आपण बिनधास्त रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचो. आधुनिक डर्ट बाइकच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून निकासिलसारखं प्लेटिंग, म्हणजे कडक धातूचा पातळ थर असतो. ते ओरबाडलं गेलं तर साधा रिबोअर चालत नाही. सिलिंडरला पुन्हा प्लेटिंग करावं लागतं किंवा तो बदलावा लागतो.

कॉम्प्रेशनचा आकडा म्हणजे सगळं असं मानणं

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तो गेजने मोजतात. गेजची नळी लांब असली तरी आकडा बदलतो, उंचावरच्या ठिकाणीही बदलतो. त्यामुळे मालकाने सांगितलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही. दोन्ही गाड्या एकाच गेजने, थ्रॉटल पूर्ण उघडून, काटा थांबेपर्यंत किका मारून मोजा आणि एकमेकींशी ताडून बघा.

तरीही हा आकडा फक्त वरच्या भागाचा. खालचा क्रँक कसाही असो, नव्या रिंगा टाकल्या की आकडा छान येतो. आणि वरचं काम त्या मानाने स्वस्त. क्रँकसाठी मात्र इंजिन खाली उतरवून क्रँककेसचे दोन्ही भाग वेगळे करावे लागतात. म्हणून फ्लायव्हीलचं कव्हर काढा आणि फ्लायव्हील धरून वर-खाली हलवून बघा. हललं तर मेन बेअरिंग गेलं. मग पिस्टन वरच्या टोकाजवळ आणून ते किंचित मागे-पुढे फिरवा. पिस्टन हलायच्या आधी 'टक' असं जाणवलं तर कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग सैल झालंय. रॉडला बाजूला थोडी हालचाल असते, त्याला घाबरू नका.

रेस चढून राहते, ते कार्ब्युरेटरवर ढकलणं

"आयडलिंग जरा वर आहे, स्क्रू फिरवला की बसेल." हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. थ्रॉटल सोडल्यावरही रेस उतरत नसेल, तर इंजिन कुठून तरी जास्तीची हवा ओढतंय. संशयित दोन: इनटेकचं रबर, नाहीतर फ्लायव्हीलच्या बाजूचं क्रँक सील. ते सील गळलं की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एखाद्या लांब चढावर पिस्टन सीज होतो. काही जण कार्ब्युरेटरमधला जेट (पेट्रोल मोजून सोडणारा छोटा छिद्राचा तुकडा) मोठा टाकून हे लपवतात. खरी तपासणी म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून इंजिनात साधारण ६ पीएसआय दाब भरायचा आणि तो टिकतो का हे बघायचं.

क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलटं होतं. गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं, गाडी तापल्यावरही दाट धूर टाकत राहते आणि गिअर ऑइल कमी होत जातं. थंड गाडी सुरुवातीला धूर टाकते, ते साहजिक आहे. पांढरा, गोडसर वासाचा धूर असेल तर तो कूलंट. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा आणि मगच गाडी सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर हेडचं सील गेलंय.

साल बघून भाव ठरवणं

यामाहाच्या वायझेड २५० ला २००५ मध्ये ॲल्युमिनियमची फ्रेम आली, २००६ मध्ये नवा फोर्क आला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं इंजिन जवळपास तेच राहिलं. तिथे चार वर्षं आणखी जुनी पण नीट सांभाळलेली गाडी मी आधी घेईन. उलट केटीएमच्या एन्ड्युरो (जंगल-डोंगरात लांब चालवायच्या) गाड्यांत २०१८ च्या मॉडेलपासून टीपीआय, म्हणजे ट्रान्सफर पोर्टमधून पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. कार्ब्युरेटर गेला, ऑइलची वेगळी टाकी आली, सेन्सर आले. तिथे सालाने दुरुस्तीची पद्धतच बदलते. तुम्हाला जेट बदलायला आवडतं की नाही, यावर निवड करा.

मोटोक्रॉस (उड्यांच्या बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी) आणि एन्ड्युरो यांची गल्लतही इथेच होते. मागचं चाक १९ इंची असेल तर गाडी बहुधा मोटोक्रॉसची, १८ इंची असेल तर एन्ड्युरोची. मोटोक्रॉसचे गिअर जवळजवळ, सस्पेन्शन उड्यांसाठी कडक, हेडलाइट नाही. जंगलातल्या दगडांवर ती हात दुखवते.

स्टिकर, प्लास्टिक, टायर यांवर वेळ घालवू नका. चेन मागच्या स्प्रॉकेटपासून मागे ओढून बघा, स्टँडवर उचलून मागचं चाक वर-खाली हलवा, फुटपेगजवळ फ्रेमला तडे आहेत का बघा, फ्रेम आणि इंजिनचे नंबर कागदांशी जुळवा.

निघताना मालकाला एकच विचारा: पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकता? ३२:१ म्हणजे लिटरला साधारण ३१ मिलि, ४०:१ म्हणजे २५. लगेच उत्तर आलं तर ठीक. "अंदाजाने" म्हणाला, तर दुसऱ्या गाडीकडे वळा. आणि घेतल्यावर ऑइलचं प्रमाण बदललंत तर जेटिंगही पुन्हा बघावं लागेल, कारण ऑइल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं आणि इंजिन लीन, म्हणजे पातळ मिश्रणावर चालतं.