मसूर, श्पेट्सले आणि श्वाबेन: एका ताटाच्या मागाने जर्मनी कसे पाहावे

अख्खा मसूर, त्याच्या बाजूला लोण्यात घोळवलेले, अंडी घातलेल्या पिठाचे शेवेसारखे मऊ तुकडे आणि मसुरावर व्हिनेगरची धार. जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील श्वाबेन प्रांतातले हे रोजचे ताट. त्याचे नाव ‘लिन्झेन मिट श्पेट्सले’, म्हणजे श्पेट्सलेसोबत मसूर. कराड-इस्लामपूरच्या धाब्यांवर मिळतो तोच हा मसूर. जात एकच, संस्कार वेगळे.

श्वाबेन बघायला जाणार असाल तर हे ताट आधी घरी करा. पीठ किती सैल असावे हे हाताला कळले की तिथे फळीवरून श्पेट्सले पाडणाऱ्या माणसाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

श्पेट्सलेचे पीठ

चार जणांसाठी 300 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम बारीक रवा, 4 अंडी, 1 चमचा मीठ आणि 120 ते 150 मिलिलिटर पाणी घ्या. तिकडे यासाठी किंचित रवाळ दळलेले खास पीठ मिळते. नुसत्या मैद्याचे पीठ चिकट होते, म्हणून रवा. अंड्यामागे 100 ग्रॅम पीठ हा हिशेब धरा, पण अंडी लहान असतील तर पाचवे घाला. श्पेट्सलेला चव, रंग आणि बांधणी अंडीच देतात, त्यामुळे तिथे काटकसर नको.

पाणी एकदम ओतू नका. आधी 100 मिलिलिटर घाला आणि लाकडी चमच्याने, भांड्याच्या तळापासून वर उचलत, 6 ते 8 मिनिटे जोरात फेटा. हात दुखतो, पण ही पायरी टाळता येत नाही. फेटल्यानेच पिठाला तार येते. पिठात बुडबुडे दिसू लागले की चमचा उचलून बघा. पीठ जाड पट्टीसारखे लोंबत खाली आले पाहिजे आणि सावकाश तुटले पाहिजे. भज्यांच्या पिठापेक्षा दाट, पण हाताने मळता येणार नाही इतके सैल. मग 30 मिनिटे झाकून ठेवा. रवा फुलतो आणि पीठ थोडे घट्ट होते. उरलेले पाणी लागलेच तर तेव्हा घाला.

फळीवरून पाडणे

रुंद पातेल्यात 3 लिटर पाण्याला उकळी आणा आणि लिटरमागे 10 ग्रॅम मीठ घाला. मुठीची एक लहान लाकडी फळी आणि सरळ पात्याची सुरी किंवा उलथने, दोन्ही त्याच पाण्यात बुडवून ओली करा. फळीच्या टोकाशी दोन-तीन मोठे चमचे पीठ पातळ पसरा. फळी पातेल्यावर तिरकी धरा आणि कडेवरून पिठाची अरुंद पट्टी सरकन पाण्यात ढकला. दर चार-पाच पट्ट्यांनंतर फळी पुन्हा पाण्यात बुडवायची, नाहीतर पीठ लाकडाला धरून बसते.

पहिला तुकडा एकटाच सोडा. पाण्यात विरघळला तर पीठ सैल आहे किंवा पाणी पुरेसे तापलेले नाही. पाणी उकळत असूनही विरघळत असेल तर 2 चमचे मैदा मिसळा. चावताना रबरासारखा लागला तर पीठ जास्त झाले आहे, चमचाभर पाण्याने सारखे करा. गठ्ठे होत असतील तर एका वेळी फार पाडता आहात. पाणी खळखळून उसळत राहिले तर तुकडे फाटतात, म्हणून आच मध्यम करा.

तुकडे वर तरंगले की आणखी मिनिटभर थांबून झाऱ्याने काढा, थंड पाण्यातून पटकन फिरवून निथळा आणि खायच्या वेळी 2 चमचे लोण्यात परता.

फळी जमत नसेल तर मोठ्या बुंदीच्या झाऱ्यातून पीठ दाबा. लांबट तुकड्यांऐवजी बटणासारखे गोळे पडतात. त्यांना ‘क्न्योप्फले’ म्हणतात आणि तेही तितकेच अस्सल. श्वाबेनच्या श्पेट्सले आणि क्न्योप्फले या दोन्ही नावांना 2012 पासून युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. झारा फार वेळ वाफेवर धरू नका, पीठ भोकांतच शिजून बसते.

मसूर

250 ग्रॅम अख्खा मसूर धुऊन घ्या. कुकर नको, दाणा अख्खा राहायला हवा. 2 चमचे लोण्यात एक मोठा कांदा, एक गाजर आणि सेलेरीचे दोन देठ बारीक चिरून परता. त्यावर 2 चमचे मैदा टाकून बेसनाच्या लाडवासाठी भाजतो तसा खमंग, तांबूस होऊ द्या. इथे घाई केली तर रस्सा पांढुरका होतो आणि कच्च्या पिठाची चव राहते. मसूर आणि सुमारे 1 लिटर पाणी घालून मंद आचेवर 30 ते 35 मिनिटे शिजवा.

आपले तमालपत्र यात घालू नका. त्याला दालचिनीचा वास असतो, युरोपातले ‘लॉरेल’चे पान वेगळ्या झाडाचे. ते नसेल तर काहीच न घातलेले बरे.

व्हिनेगर अगदी शेवटी, मसूर मऊ झाल्यावर. आंबट आधी पडले की साल कडक राहते आणि कितीही शिजवा, दाणा हलत नाही. लाल वाइनचे व्हिनेगर 2 ते 3 चमचे, चिमूटभर साखर, मीठ. आंबटपणा जाणवला पाहिजे. त्याच्याशिवाय हे ताट सपक लागते.

आता प्रवास

सुरुवात स्टुटगार्टला. 1968 पासून हे मुंबईचे भगिनी शहर आहे. 1914 साली उघडलेली तिथली मार्क्टहाले ही मंडई सकाळी बघा, रविवारी ती बंद असते. इथे ‘आल्ब-लायझा’ मागा, म्हणजे श्वेबिश आल्ब या चुनखडीच्या पठारावरचा मसूर.

या मसुराची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आल्बची जमीन उथळ आणि दगडी. मसुराचा वेल स्वतः उभा राहत नाही, म्हणून तो सातू किंवा ओटसोबत मिश्रपीक म्हणून पेरतात आणि कापणीनंतर दाणे वेगळे करतात. ही मेहनत परवडेना म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यावर लागवड बंद पडली आणि स्थानिक वाणही नाहीसे झाले. लाउटराख गावचे शेतकरी वोल्डेमार मामेल यांनी 1985 पासून पुन्हा मसूर लावायला सुरुवात केली, पण जुने बी कुठेच मिळेना. अखेर 2006 साली ते सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बियाणे-संग्रहात सापडले आणि मूठभर दाण्यांपासून शेते पुन्हा उभी राहिली.

लाउटराखकडे जायला आधी उल्म शहर गाठा. इथल्या राज्याच्या नावाचे ‘बाडेन-व्युर्टेम्बेर्ग तिकीट’ एका दिवसासाठी पाच जणांपर्यंत चालते, पण फक्त साध्या प्रादेशिक गाड्यांत आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच. वेगवान आयसीईत ते धरत नाही. उल्मच्या चर्चचा मनोरा 161.53 मीटर उंच, 768 पायऱ्यांचा. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच नदीकाठी फिरावे. अठराव्या शतकात इथूनच हजारो जर्मन कुटुंबे सपाट तळाच्या लाकडी होड्यांतून डोनाऊ (डॅन्यूब) नदीने हंगेरीकडे गेली. त्यांचे संग्रहालय शहरात आहे. हंगेरीतही अशाच पातळ पिठाचे ‘नोकेडली’ खातात.

उल्महून डोनाऊच्या रेल्वेमार्गाने पुढे गेलात की ब्लाउबॉयरेन, शेल्कलिंगेन आणि मुंडरकिंगेन ओळीने लागतात. शेल्कलिंगेनजवळच्या होले फेल्स गुहेत गिधाडाच्या हाडाची सुमारे 40,000 वर्षांपूर्वीची बासरी मिळाली. ती ब्लाउबॉयरेनच्या संग्रहालयात ठेवली आहे. गुहा हिवाळ्यात बंद असते, म्हणून मे ते सप्टेंबरमध्ये जा. लाउटराखपर्यंत रेल्वे नाही, त्यासाठी मुंडरकिंगेनला उतरावे लागते.

जेवायला बसल्यावर

दारावर केरसुणी टांगलेली दिसली तर आत जा. ती ‘बेझनवर्टशाफ्ट’, द्राक्षबागायतदाराने स्वतःची वाइन आणि साधे जेवण देण्यासाठी उघडलेली खानावळ. कायद्याने ती वर्षात चार महिनेच चालवता येते आणि जागा 40च, त्यामुळे चालू आहे का ते आधी विचारा.

शाकाहारी असाल तर ‘ओने वुर्स्ट’, म्हणजे सॉसेजशिवाय, एवढे सांगून भागत नाही. मसुरात डुकराच्या चरबीचे तुकडे आधीच शिजलेले असतात. ‘ओने श्पेक’ हेही विचारा. श्पेट्सलेत अंडे असतेच. सॉसेज आणि चरबी या दोन्हींची शंका असेल तर ‘केझश्पेट्सले’ मागा, चीज आणि तळलेला कांदा घातलेले. अंडे चालत असेल तर हा सर्वांत निश्चिंत पर्याय.

एक दिवस हाताशी असेल तर त्याच तिकिटावर केलपर्यंत जा आणि तिथून ट्रामने ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला. हे शहर ज्यात येते तो आल्सास प्रदेश 1871 ते 1945 दरम्यान चार वेळा जर्मनी आणि फ्रान्समध्ये इकडून तिकडे गेला. तिथला ‘फ्लामकुखन’ घरीही होतो. 250 ग्रॅम मैदा, 3 चमचे तेल, 125 मिलिलिटर पाणी आणि मीठ. यीस्ट नाही. पापडासारखे पातळ लाटा. वर 100 ग्रॅम कमी आंबट चक्का आणि 100 ग्रॅम साय एकत्र करून लावा, कांद्याच्या कागदी चकत्या पसरा आणि ओव्हनच्या सर्वाधिक आचेवर 8 ते 10 मिनिटे भाजा. कडा काळपट व्हायलाच हव्यात. पूर्वी पाव भाजण्याआधी भट्टी किती तापली हे अशाच पोळीने तपासत. स्ट्रासबुर्गला ती फळीवर येते. टेबलावरचे सगळे मिळून ती हाताने खातात, आणि ती संपल्यावरच पुढची मागवायची, म्हणजे प्रत्येक गरम मिळते.