जुनी वस्तू घरी आणण्याआधी: नागपूरच्या घरासाठी तयारीची यादी

जुन्या सामानानं घर सजवायचं ठरलं की पाय आधी बाजाराकडे वळतात. माझं सांगणं उलटं आहे. आधी घर तयार करा, वस्तू मागून येऊ द्या. नागपुरात तर हे फारच गरजेचं, कारण इथे वस्तूची खरी परीक्षा हवामान घेतं. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४५ चा आकडा तर आपल्याला बऱ्याच उन्हाळ्यांत दिसतो. त्याच दिवसांत खिडकीतला कूलर खोलीत ओली हवा सोडत असतो, आणि ते संपतं न संपतं तोच पावसाळा लागतो. जुन्या महाल भागातल्या वाड्याच्या दोन हात जाड भिंतींत पिढ्यान्‌पिढ्या सुखानं राहिलेलं कपाट बेसा या नव्या वस्तीतल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलं की त्याच्यासाठी सगळंच बदलतं. वरून स्लॅब तापतो, समोरून कूलरचा झोत येतो, आणि लाकूड सारखं आकसतं-फुगतं. मग सांधे उघडतात आणि आपण दोष देतो तो विकणाऱ्याला.

म्हणून पहिलं काम कागद-पेन्सिल घेऊन स्वतःच्याच घरात फिरायचं. पश्चिमेची भिंत कोणती, कूलर कोणत्या खिडकीला लागतो, न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते का, हे साध्या नकाशावर मांडा. कूलरच्या थेट झोतात लाकूड नको, जुनी पुस्तकं नकोत, फोटोही नकोत. पश्चिमेच्या उन्हात जुना फोटो लावायचाच असेल तर त्याची चांगली प्रत काढून लावा आणि मूळ फोटो कपाटात अंधारात ठेवा. ओलीच्या भिंतीला टेकून काहीही उभं करायचं नाही, पितळसुद्धा. एवढं खोडून झाल्यावर ज्या जागा उरतात त्या तुमच्या. त्यांची लांबी, रुंदी, उंची लिहून घ्या. सोबत मुख्य दाराची रुंदी, लिफ्टचं माप आणि जिन्याचं वळणही लिहा. जुनी सागवानी कपाटं आताच्या दारांसाठी बनलेली नव्हती. कपाटाचं डोकं आणि पाय सुटे होतात का, हे खरेदीआधीच विचारायचं असतं.

मग प्रत्येक जागेपुढे त्या जागेला काय काम हवं ते लिहा. वस्तूचं नाव आत्ताच लिहू नका. दाराशी चपला घालायला बसायची सोय हवी आहे, पाहुण्यांच्या गाद्या ठेवायच्या आहेत, फोन चार्जिंगला ठेवायला उंचवटा हवा आहे, असं. मला या बाबतीत शंका नाही: ज्या जुन्या वस्तूला घरात काम मिळतं तीच टिकते. नुसती मांडून ठेवलेली वस्तू उन्हाळ्याच्या धुळीत पंधरा दिवसांत राखाडी होते आणि वर्षभरात पुन्हा माळ्यावर जाते. लोखंडी ट्रंकेत गाद्या जातील, वर पातळ गादी टाकली की बाक होईल. पायानं चालवायच्या शिवणयंत्राचं बिडाचं स्टँड टेबलाचं काम अनेक वर्षं करील. हातमागाचा जुना धोटा दाराजवळ किल्ल्या ठेवायला फार सुंदर दिसतो, आणि गोळीबार चौक, पाचपावलीकडे विणकरांच्या घरांत असे धोटे अजून सापडतात.

आता माळा. आधी आपला, मग नात्यातला. काटोल, सावनेर, उमरेडकडे कुणाचं गावचं घर असेल तर तिथला. गुंड (पाणी भरायचं भांडं), घंगाळ, पाण्याचा बंब, कंदील, पाट, अडकित्ता, पानाचा डबा या गोष्टी विकत घेण्याआधी नात्यात विचाराव्यात. पण विचारायचीही रीत आहे. “आत्या, हे गुंड नेऊ का?” एवढ्यावर थांबू नका. ते कुणाचं, कुठून आलं, अजून कुणाचा जीव त्यात आहे का, हे विचारा. बहिणीबहिणींत एका घंगाळावरून बोलणं बंद झालेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मिळालेलं उत्तर एका कागदावर लिहून त्या वस्तूच्या आत किंवा तळाला चिकटवून ठेवा. सांगणारी माणसं नेहमी हाताशी नसतात.

बाजारासाठी वेळ निवडा. दिवाळीआधीचे पंधरा दिवस सर्वांत चांगले, कारण तेव्हा घरोघरी आवराआवर चालते आणि माळ्यावरचं थेट भंगारवाल्याच्या गाडीवर जातं. आपल्या वस्तीत फिरणाऱ्या भंगारवाल्या दादांना आधीच सांगून ठेवा की अमुक काही आलं तर मोडायच्या आत मला दाखवा, मोडीपेक्षा दोन पैसे जास्त देईन. दुसरी वेळ मे-जूनची. तेव्हा बदल्या होतात आणि सरकारी क्वार्टरांतून सामान निघतं. महालात, इतवारीत जुनं घर पाडायला लागले असतील तर मालकाशी बोलणी काम सुरू व्हायच्या आधीच करा. एकदा घण पडायला लागले की चौकटी फाटतात. पाडलेल्या घरांचं बरंच सागवान लाकूड कापायच्या आरा मशीनवर जाऊन फळ्या होऊन बाहेर पडतं, त्यामुळे लकडगंजातल्या लाकूडबाजारात चौकशी करणं फायद्याचं.

पिशवीत काय हवं: मोजपट्टी, टॉर्च, एक चांगलं लोहचुंबक, दाभण, पांढरा कागद, सुती फडकं, सुतळी आणि तो घराचा नकाशा. जायचं सकाळच्या उजेडात. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच सागवान वाटतं.

लाकडाला वेळ द्या, सगळ्यात जास्त द्या. पॉलिशकडे बघू नका, खण बाहेर काढा आणि तो उलटा करा. तळाला, मागच्या बाजूला पॉलिश नसतं, तिथे लाकूड खरं दिसतं. सागवान मधासारखं तपकिरी असतं, त्याचे रेषे बहुधा सरळ जातात, आणि कुठे खरवडलेलं असेल तिथे तेलकट, चामड्यासारखा वास येतो. आपल्या चंद्रपूर-आलापल्लीच्या जंगलाचं सागवान देशभर नावाजलेलं आहे आणि इथल्या जुन्या घरांत ते भरपूर वापरलं गेलं, म्हणून खरं सागवान मिळण्याची शक्यता नागपुरात चांगली आहे. तरी सगळं सागवान सारखं नाही. गाभ्याचं लाकूड वाळवीला दाद देत नाही, पण सालीजवळचा पांढुरका भाग देतो. पाय आणि मागच्या पट्ट्या कित्येकदा त्याच भागाच्या असतात. तिथे दाभण टोचा. घट्ट लागली तर ठीक, सहज आत गेली तर आतून पोकळ आहे. बारीक गोल भोकं दिसली तर खाली पांढरा कागद धरून वरून ठोका. पिठासारखी भुकटी पडली तर किडे अजून आत असू शकतात. भोकं आहेत पण भुकटी नाही आणि कडा काळवंडल्यात, तर ती बहुधा जुनी गोष्ट. सांध्यांत खाच आणि कुसू (खाचेत बसणारं टोक) असेल तर वस्तू खोलून पुन्हा जोडता येते. नुसत्या खिळ्यांवर उभी असेल तर भाव तसाच करा.

पावसाळ्यात बघायला गेलात आणि खण अडकत असेल तर तेवढ्यावरून नाही म्हणू नका. आणि घरी आणल्यावर ऑगस्टमध्ये त्यावर रंधा तर मुळीच फिरवू देऊ नका. लाकूड ओलीनं फुगलेलं असतं. तेव्हा तासलं की मार्चमध्ये तोच खण ढिला पडतो. मिस्त्रींना डिसेंबर-जानेवारीत बोलवा. तोवर कडांवर मेणबत्ती घासली की काम भागतं.

पितळ-तांब्यासाठी इतवारीतली भांड्यांची दुकानं. लोक जुनं पितळ देऊन नवं स्टील नेतात आणि ती मोड दुकानदाराकडे साठते. “मोडीत आलेलं काही आहे का, काका?” असं विचारलं की आतल्या खोलीतून वस्तू बाहेर येतात. भाव किलोवर असतो, म्हणून आधी त्या दिवसाचा मोडीचा भाव विचारून घ्या आणि मगच आवडलेल्या भांड्याला हात लावा. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा आहे. टॉर्च आत धरून तळ बघा, डाग दिलेली, म्हणजे झाळून बुजवलेली, जागा लगेच कळते. भांड्यावर ठिपक्यांनी नाव, गाव, लग्नाची तारीख कोरलेली असेल तर ते भांडं आधी घ्या आणि ते नाव कधीही घासून काढू नका. तासाभरावरचं भंडारा पितळेच्या भांड्यांसाठीच ओळखलं जातं, त्यामुळे आपल्या भागात वजनदार, चांगल्या घडणीचं काम मिळतं. हिरवा कळंक चिंच आणि मिठानं निघतो. धुऊन लगेच कोरडं पुसायचं, पावसाळ्यात तर नक्की. नक्षीच्या खोलगट भागातला काळपटपणा राहू द्या, नक्षी त्यानंच उठून दिसते. भांडं स्वयंपाकात वापरायचं असेल तर कल्हई हवीच, आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत ठेवणं विषारी ठरतं. घंगाळात पाणी घालून फुलं सोडणार असाल तर आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण ओतून आतून घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो.

कापडाचं थोडक्यात. विटलेल्या नऊवारीची वाकळ, करवत काठी टसरच्या चांगल्या उरलेल्या काठाची चौकट किंवा उशांचे अभ्रे. सुती कापड आधी गरम पाण्यात धुवा, टसरला मात्र थंड पाणी आणि सावली. वापरलेली गादी किंवा कापूस भरलेला सोफा कितीही स्वस्त मिळाला तरी आणू नये, ढेकूण घेऊन येतात. सांगाडा आवडला तर कापूस-कापड तिथेच काढून टाका.

काही वस्तू घरात येताच कामा नयेत. आपल्याकडे जंगल जवळ, त्यामुळे जुन्या बंगल्यांच्या सामानात हरणाची शिंगं, वाघ-बिबट्याचं कातडं, हस्तिदंत निघतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, “आजोबांच्या काळातलं आहे” हे उत्तर चालत नाही. दगडी मूर्ती किंवा देवळाचा कोरीव तुकडा कुणी दाखवला तर तिथून निघा. शंभर वर्षांपेक्षा जुन्या अशा वस्तूंना १९७२ चाच पुरावशेष कायदा लागू होतो, आणि तो तुकडा कुठल्या तरी गावच्या देवळातून उचललेला असण्याची भीती असते. माझ्या मते कायदा नसता तरी तो घेऊ नये.

दुरुस्तीची तयारी वस्तू यायच्या आधी करा. जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असेल असंच धरून चाला. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचा रंग कोरडा घासायचा नाही. पाणी मारून ओला घासा, तोंडाला चांगला मास्क, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या जागेपासून दूर. पॉलिश कोणतं आहे ते कळायला कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाका. चिकट झालं तर लाखेचं आहे. ते फार देखणं दिसतं, पण पाण्यानं आणि कूलरच्या ओलाव्यानं पांढरं पडतं, म्हणून जेवणाच्या टेबलाला नको. जवसाचं तेल आपल्याकडे सहज मिळतं आणि सागवानाला शोभतं. मात्र तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. जुना दिवा, जुना पंखा यांची कापडी वेष्टणाची तार पूर्ण बदलून घ्या, आणि धातूचा दिवा असेल तर अर्थिंगसह तीन पिनचा प्लग लावून घ्या.

बंगईचा, म्हणजे घरातल्या झोपाळ्याचा, विषय वेगळा, कारण विदर्भातल्या माणसाला ती हवीच असते. पितळी कड्यांची बंगई सागवानी तुळयांना टांगलेली असे. फ्लॅटच्या पंख्याच्या हुकाला ती टांगणं धोक्याचं आहे. चार माणसं बसली की अडीचशे किलोच्या वर भार होतो, आणि झोका घेताना तो आणखी वाढतो. स्लॅबमध्ये हुक कुठे बसवायचा हे इंजिनिअरला विचारूनच ठरवा, किंवा लोखंडी चौकट करून तिला टांगा.

सामान आणायला छोटा हत्ती ठरवताना सोबत जुन्या वाकळी आणि सुतळी द्या, आरसे आणि काचा उभ्याच ठेवायला सांगा. लाकडाची वस्तू थेट हॉलमध्ये नेऊ नका. बाल्कनीत किंवा पार्किंगमध्ये, उन्हापासून लांब, पायांखाली पांढरा कागद घालून दोन-तीन आठवडे राहू द्या आणि रोज कागद बघा. ऊन दाखवून कीड मरेल या आशेनं मे महिन्यात गच्चीवर ठेवलं तर कीड राहते आणि फळी फाटते. भुकटी दिसली तर बोरॅक्स आणि बोरिक पावडर कोमट पाण्यात विरघळवून बिनपॉलिशच्या बाजूंना ब्रशनं लावा, वाळू द्या, पुन्हा लावा. पेस्ट कंट्रोलवाल्यांकडून भोकांत सिरिंजनं औषध घालून घेता येतं. कागद कोरा राहिला की पायांना रबरी टोप्या घाला, भिंतीपासून चार बोटं जागा सोडा आणि मग वस्तू आत घ्या.